चार तासांत चार लिटर

डायलिसिस सुरू असताना बीपी उतरणं ही कुठल्याही डायलिसिस केंद्राला अनोळखी गोष्ट नाही. रुग्णाला आधी जांभया येतात, मग घाम फुटतो, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. सिस्टर पाय उंच करतात, पाणी काढणं थांबवतात, शंभर-दोनशे मिली सलाइन सोडतात आणि बहुतेक वेळा माणूस सावरतो. खरा वाद त्यानंतर सुरू होतो. पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून काय करायचं, याबद्दल मूत्रपिंडतज्ज्ञांत एकमत नाही, आणि मतभेद असलेल्या दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे. पुढच्या संवादात एक तरुण तज्ज्ञ उत्साहाच्या बाजूने बोलतो, आणि त्याच्याहून कितीतरी वर्षं जास्त हेच काम केलेल्या एक डॉक्टर शंकेच्या बाजूने.

उत्साही: मॅडम, बीपी पडलं की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'यांना डायलिसिस सोसत नाही.' म्हणजे दोष रुग्णाच्या शरीराचा. मला या वाक्याचा राग येतो, कारण डायलिसिसचा इतिहास वेगळं सांगतो. 1964 साली सिअ‍ॅटलमध्ये डॉ. स्क्रिब्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायलिसिसच्या द्रावणात बायकार्बोनेटऐवजी अ‍ॅसिटेट वापरलं. कारण सोयीचं होतं. बायकार्बोनेट कॅल्शियमबरोबर साका धरायचं, अ‍ॅसिटेट धरत नव्हतं, त्यामुळे मोठ्या प्रमाणावर द्रावण बनवणं सोपं झालं. पुढे बरीच वर्षं जगभर अ‍ॅसिटेटच चाललं. त्या काळात कित्येकांचं बीपी पडायचं, उलट्या व्हायच्या, डोकं ठणकायचं. नंतर लक्षात आलं की अ‍ॅसिटेट रक्तवाहिन्या सैल करतं आणि हृदयाचा जोरही कमी करतं. 1980च्या दशकात बायकार्बोनेट परत येत गेलं आणि ज्यांना डायलिसिस सोसत नव्हतं त्यांतल्या पुष्कळांना सोसू लागलं. शरीर तेच होतं, द्रावण बदललं होतं.

म्हणून मी आज द्रावणाच्या तापमानाकडे बघतो. पाणी काढायला लागलं की बीपी टिकवण्यासाठी शरीर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतं. त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, शरीर आतून तापतं, आणि एका टप्प्यावर ती उष्णता टाकण्यासाठी त्याच वाहिन्या उघडतात. मग बीपी कोसळतं. इटलीत रेज्जो कालाब्रियामध्ये डॉ. माज्जोरे यांनी 1980च्या सुमारास दाखवलं की रक्त थोडं थंड होऊन परत गेलं तर ही घसरण कमी होते. द्रावण 37 अंशांऐवजी 36 किंवा साडेपस्तीसवर ठेवायचं. मशीनवर एक आकडा बदलायचा आणि रुग्णाच्या अंगावर एक ब्लँकेट घालायचं. जिल्हा रुग्णालयातही हे आजपासून करता येईल.

साशंक: तुमचा राग मला मान्य आहे, उपायावरचा विश्वास मात्र जरा तपासून घेऊ. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या 84 केंद्रांनी नेमकं हेच करून बघितलं. 2017 ते 2021, पंधरा हजारांहून जास्त रुग्ण. अर्ध्या केंद्रांत प्रत्येक रुग्णाच्या अंगातल्या तापमानापेक्षा अर्धा ते पाऊण-एक अंश थंड द्रावण, उरलेल्यांत नेहमीचं साडेछत्तीस. निकाल 2022 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि हृदयविकार, पक्षाघातासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, दोन्ही गटांत सारखंच. डायलिसिसमधली बीपीची घसरणसुद्धा जवळजवळ सारखीच. फरक पडला तो एवढाच, की थंड गटातल्या जास्त लोकांना थंडी वाजली. चार तास खुर्चीत हलता न येता बसलेल्या माणसाला थंडी वाजणं ही लहान गोष्ट नाही.

आणि हे काही पहिल्यांदा झालं नाही. रक्त किती घट्ट होतंय हे डायलिसिस चालू असताना सतत दाखवणारं उपकरण आलं तेव्हाही असंच वाटलं होतं, की आता बीपी पडण्याआधीच कळेल. 2005 साली त्याची नीट चाचणी झाली. ज्यांच्यावर ते लावलं होतं त्यांच्यात रुग्णालयात दाखल होण्याचं आणि मृत्यूचंही प्रमाण जास्त निघालं. तर्काला शोभणारी गोष्ट रुग्णाला मानवतेच असं नाही, डॉक्टर.

उत्साही: ओंटारिओच्या चाचणीतला प्रश्न वेगळा होता. तिथे सरसकट सगळ्यांना थंड द्रावण दिलं. ज्यांचं बीपी कधी पडतच नाही त्यांनाही. त्यातून इतकंच ठरतं की सगळ्यांना ते देण्यात अर्थ नाही. ज्याचं दर खेपेला पडतं त्याच्याबद्दल ती चाचणी थेट काही सांगत नाही. शिवाय मी फक्त आजच्या चक्करेबद्दल बोलत नाहीये. इंग्लंडमध्ये 2009 साली 70 रुग्णांच्या हृदयाची डायलिसिस चालू असताना इकोने तपासणी झाली. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत हृदयाच्या भिंतीचा काही भाग डायलिसिसमध्ये तात्पुरता आकसेनासा होत होता. ज्यांचं बीपी जास्त पडत होतं आणि ज्यांच्या अंगातून पाणी जास्त वेगाने निघत होतं, त्यांच्यात हे जास्त होतं. तिथल्याच संशोधकांनी 2015 मध्ये 73 नव्या रुग्णांवर वर्षभर प्रयोग केला. थंड द्रावण मिळालेल्यांच्या मेंदूतला पांढरा भाग जपला गेला, दुसऱ्या गटात त्यात बिघाड दिसला. म्हणजे बीपी पडून सावरलेला माणूस 'सावरला' असं आपण कागदावर लिहितो, तेव्हा आत काहीतरी झिजलेलं असू शकतं. डायलिसिसची सुई टोचण्यासाठी हातात केलेला फिस्टुलासुद्धा बीपी पडलं की गोठून बंद पडू शकतो, आणि तो बंद पडला की पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा मानेत नळी. अशा वेळी पूर्ण पुरावा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं?

साशंक: बसू नका. ज्याचं वारंवार पडतं त्याचं द्रावण जरूर थंड करा, मीही करते. माझी शंका दुसऱ्या ठिकाणी आहे. आपण दाब का पडला हे विचारत नाही, दाब कसा चढवायचा एवढंच विचारतो.

खेड्यातला कुठलाही शेतकरी हे ओळखेल. विहिरीला झरा असतो, पण झऱ्याला त्याचा वेग असतो. मोटर त्यापेक्षा जोरात चालवली की तळ दिसतो, मग शिवारात कितीही पाणी असो. डायलिसिसचं मशीन पाणी फक्त रक्तातून काढतं. पायाची सूज, फुप्फुसातलं, पोटातलं पाणी आधी रक्तात यायला लागतं, मगच ते मशीनला मिळतं. साठ किलोच्या माणसाच्या रक्तातला द्रवभाग जेमतेम अडीच-तीन लिटर. आणि आपण चार तासांत त्यातून चार लिटर काढायला निघतो. ते शक्य होतं, कारण ऊतींमधून रक्तात भरपाई होत राहते. ती भरपाई मागे पडली की बीपी पडतं. मधुमेहाने नसा बिघडलेल्या, हृदय ताठर झालेलं, रक्तातलं अल्ब्युमिन उतरलेलं, अशा माणसात ती लवकर मागे पडते. आता तुम्ही द्रावण थंड करा, मिडोड्रिनची गोळी द्या, सोडियम वाढवा, वाहिन्या आवळल्या जातील आणि आकडा टिकेल. पण मोटर तितक्याच जोरात चालू असेल.

आणि सलाइनचं बघा. दोनशे मिली सलाइनमध्ये जवळजवळ दोन ग्रॅम मीठ असतं. आपण त्या माणसाला घरी लोणचं, पापड, ठेचा खाऊ नका म्हणतो, आणि खुर्चीत बसल्यावर शिरेतून मीठ देतो. द्रावणातलं सोडियम चढतं ठेवलं तरी तेच. संध्याकाळी त्याला तहान लागते. शरीरात साधारण आठ ग्रॅम मीठ साठलं की ते लिटरभर पाणी धरून ठेवतं. पुढच्या वेळी तो आणखी जड होऊन येतो, आपण आणखी जोरात काढतो, पुन्हा बीपी पडतं, पुन्हा सलाइन. या फेऱ्याला आपण उपचार म्हणतो.

इथे थोडं थांबायला हवं. बीपी कोसळलेल्या माणसाला सलाइन द्यायचंच असतं, त्याला पर्याय नाही आणि साशंक बाजूही ते नाकारत नाही. तिचा आक्षेप त्या दोनशे मिलीची दर खेपेला सवय लागण्यावर आहे, आणि तो आक्षेप केंद्राच्या नोंदवहीत सहज पडताळता येतो: गेल्या महिन्याभरात एकाच माणसाला किती वेळा सलाइन लागलं?

उत्साही: मग तुमचा उपाय काय? कमी प्या, कमी मीठ खा? हे वाक्य रुग्णाने शंभरदा ऐकलेलं असतं. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्यात 45 अंशांच्या पुढे पारा जातो, तिथे दिवसाला लिटरभर पाण्यात भागवायला सांगणं सोपं आहे, भागवणं नाही. शेवटी दोष पुन्हा त्याच्याच माथी येतो. मी सुरुवातीला ज्या वाक्यावर रागावलो, तेच वेगळ्या शब्दांत.

साशंक: नाही, मी त्याच्या माथी काही मारत नाही. हिशेब करून बघा. पन्नास किलोचा माणूस, दिवसाला किलोभर वजन वाढतं, फार काही जास्त नाही. आठवड्यात तीन डायलिसिस असतील तर दोन दिवसांच्या अंतरानंतर दोन लिटर काढायचे. चार तासांत, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे तासाला 10 मिली. पण आपल्याकडे कितीतरी लोकांची आठवड्याला दोनच होतात. सोमवार आणि गुरुवार. गुरुवार ते सोमवार चार दिवस. चार लिटर, चार तास. किलोमागे तासाला 20 मिली. 2011 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे अठराशे रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं की हा वेग 13 च्या वर गेला की मृत्यूचं प्रमाण वाढतं. 13 मध्ये राहून त्या माणसाचे चार लिटर काढायचे तर सहा तासांहून जास्त लागतील. कमी पिऊन तो फार तर अर्धा-एक लिटर वाचवेल. बाकीचं उत्तर घड्याळात आहे. फ्रान्समध्ये तासँ या गावी कित्येक दशकं आठवड्यातून तीनदा आठ-आठ तास डायलिसिस चालायचं. सोबत जेवणात मीठ कमी. तिथल्या जवळजवळ सगळ्या रुग्णांना उच्च रक्तदाबाच्या गोळ्या लागत नव्हत्या, आणि डायलिसिसमध्ये बीपी पडणंही कमी होतं. त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही.

उत्साही: आता मी साशंक होतो. तुमचा 13 चा आकडा जुन्या नोंदींतून आलाय. ज्यांच्या अंगात जास्त पाणी साठतं ते मुळातच जास्त आजारी असू शकतात. थंड द्रावणाला तुम्ही पंधरा हजार लोकांची चाचणी मागता, तर तासांनाही तोच निकष लावा. आणि तशी चाचणी झालीय. अमेरिकेत, सात हजार रुग्ण, अडीचशेहून जास्त केंद्रं. अर्ध्या केंद्रांनी नव्या रुग्णांना किमान सव्वाचार तास द्यायचे ठरलं होतं. प्रत्यक्षात त्या गटाची सरासरी 216 मिनिटं भरली आणि दुसऱ्या गटाची 207. नऊ मिनिटांचा फरक! चाचणी मध्येच थांबवावी लागली. अमेरिकेसारख्या देशात, चाचणी म्हणून हातात घेऊनही, माणसं आणि केंद्रं सव्वाचार तास बसू-बसवू शकली नाहीत, आणि तुम्ही सहा तास म्हणता.

आपल्याकडचं गणित त्याहून कठीण आहे. 2016च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा सरकारचाच अंदाज होता की देशात वर्षाला 2 लाख 20 हजार नवे रुग्ण या टप्प्याला येतात. त्यानंतर जिल्हा रुग्णालयांत मशीन आली, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मोफत डायलिसिस मिळू लागलं, ही मोठीच गोष्ट झाली. पण पैसे मिळतात ते दर डायलिसिसमागे, तासामागे नाहीत. एका मशीनवर दिवसाला चार-चार तासांच्या तीन पाळ्या होतात. सहा तास करा, दोनच होतील. तिसऱ्या पाळीतला माणूस कुठे जाईल? प्रतीक्षा यादीत. आणि आपण आज प्रतीक्षा यादीत आहोत याचा अर्थ मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला फार लवकर कळतो. पहाटे पाचची एसटी पकडून तालुक्यातून येणाऱ्याला विचारा, दोन तास जास्त बसशील का. त्याची परतीची गाडी चुकते, सोबत आलेल्या मुलाचा रोज बुडतो. तुमचा उपाय बरोबर आहे आणि तो त्या माणसापाशी पोचत नाही. माझा उपाय अपुरा आहे, पण मशीनवरचा तो आकडा आज बदलता येतो.

साशंक: तुम्ही तासांबद्दल जे बोललात त्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. फक्त एक सांगते. पाळीचं वेळापत्रक हे वैद्यकीय कारण नाही, पण आपल्या केसपेपरवर ते वैद्यकीय कारणासारखं लिहिलं जातं. 'चार तास' हा औषधाच्या डोससारखा छापील आकडा झालाय. ज्याचं दर वेळी पडतं त्याच्यापुरता तरी तो मोडा. सगळ्यांना सहा तास देता येणार नाहीत; विभागात असे किती जण आहेत, मोजा, आणि त्यांना साडेचार-पाच द्या. नाहीतर महिन्यातून दोनदा जादा डायलिसिस द्या, नुसतं पाणी काढण्यापुरतं. पहिला एक तास द्रावण न फिरवता फक्त पाणी काढलं तरी बीपी चांगलं टिकतं, हे जुनं निरीक्षण आहे. आणि काहींच्या बाबतीत मान्य करा, की त्यांच्यासाठी पोटाचं डायलिसिस बरं. ते घरी चोवीस तास संथ चालतं, एकदम चार लिटर ओढावे लागत नाहीत. ते आपण सुचवतच नाही, कारण आपल्याला मशीन चालवता येतं.

उत्साही: पोटाच्या डायलिसिसला घरात स्वच्छ जागा हवी, पिशव्यांचा खर्च हवा, जंतुसंसर्ग झाला तर जवळ डॉक्टर हवा. पण सुचवायला हवं, हे खरं. बरं, तासांच्या आधी एक प्रश्न येतो, त्यावर आपलं जमेल असं वाटतं. चार लिटर काढायचे हे ठरवलं कोणी? ड्राय वेटने, म्हणजे जादा पाणी निघून गेल्यावर माणसाचं जे वजन असायला हवं त्याने. आणि ते वजन कधी ठरवलेलं असतं?

साशंक: बरोबर. यावर मी तुमच्यासोबत आहे. माणूस न्यूमोनियाने पंधरा दिवस पडून येतो, अंगावरचं मांस जातं, वजनकाटा तोच आकडा दाखवतो, म्हणजे आत तेवढं पाणी भरलंय, पण आपण जुन्याच वजनावर थांबतो. उलटंही होतं. डायलिसिस सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत भूक सुधारते, अंग धरतं, आणि आपण मांसाचं वजन पाणी समजून ओढत राहतो. मग बीपी पडणारच. डिसेंबरात स्वेटर घालून काट्यावर उभा राहिलेला माणूससुद्धा अर्धा किलो खोटं पाणी घेऊन येतो. महिन्यातून एकदा रुग्णाला झोपवून, पाय दाबून, छाती ऐकून हा आकडा पुन्हा ठरवायला हवा. त्याला वेळ लागतो, आणि डॉक्टरांचा वेळ हीसुद्धा आपल्या केंद्रात कमी पडणारी वस्तू आहे.

जेवणाबद्दल आणि गोळ्यांबद्दल दोघांत फारसा वाद झाला नाही. डायलिसिस चालू असताना डबा खाल्ला की रक्त पोटाकडे वळतं आणि बीपी उतरायला मदत होते. म्हणून ज्यांचं पडतं त्यांनी आधी किंवा नंतर खावं. पण बाकीच्यांचा डबा बंद करणं दोघांनाही क्रूर वाटतं, कारण या रुग्णांत कुपोषणही तेवढंच मारक आहे. सकाळची बीपीची गोळी डायलिसिसच्या दिवशी घ्यायची की नाही, हे औषधावर ठरतं. कार्व्हेडिलॉल डायलिसिसमध्ये शरीरातून निघून जात नाही, मेटोप्रोलॉल निघून जातं, आणि 2018च्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत कार्व्हेडिलॉल घेणाऱ्यांचं बीपी जास्त पडताना दिसलं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करण्यात मात्र धोका आहे. दोन डायलिसिसमधल्या दिवसांत दाब वर चढतो आणि तो तेव्हा कुणी मोजत नाही.

उत्साही: तरी माझा शेवटचा प्रश्न उरतोच. उद्या सकाळी सहाच्या पाळीला तो पन्नास किलोचा माणूस येणार, चार लिटर घेऊन. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. साडेनऊला दुसरी पाळी बाहेर उभी असणार. मी त्याचं द्रावण थंड करीन, मिडोड्रिन देईन, चारही लिटर काढीन. तुम्ही काय कराल?

साशंक: अडीच लिटर काढीन. पन्नास किलोला चार तासांत 13 च्या हिशेबाने तेवढेच निघतात. उरलेल्या दीड लिटरसाठी त्याला मंगळवारी पुन्हा बोलवीन.

उत्साही: आणि मंगळवारी खुर्ची नसेल तर? तो दीड लिटर घेऊन घरी गेला आणि रात्री फुप्फुसात पाणी भरून दम लागला तर?

साशंक: ती भीती मला दर वेळी असते. म्हणून दम लागत असेल त्याचं मी थांबत नाही, काढते, खुर्चीजवळ उभी राहून काढते. बाकीच्यांसाठी मंगळवारची एक खुर्ची रिकामी ठेवण्यावरून मी व्यवस्थापनाशी भांडते. कधी मिळते, कधी नाही.

दोघांपैकी कोण बरोबर, याचा निर्णय आजच्या पुराव्यावर होत नाही. थंड द्रावणाचा फायदा सगळ्यांना नाही हे कळलंय, वारंवार बीपी पडणाऱ्यांना किती आहे याबद्दल अजून वाद आहे. संथ डायलिसिसच्या बाजूने शरीरशास्त्र आहे, नोंदी आहेत, पण ते देण्याइतक्या खुर्च्या नाहीत. या लेखकाचं मत साशंक बाजूकडे झुकतं, कारण तिचा प्रश्न मशीनच्या पलीकडे, केंद्र कसं चालवलं जातं आणि पैसे कशाचे दिले जातात इथपर्यंत जातो. सरकारी योजनांनी दर डायलिसिसमागे पैसे देताना जादा तासाला, जादा खेपेला वेगळी रक्कम द्यायला हवी. ती मिळेपर्यंत डॉक्टरांना दर सोमवारी चार लिटर आणि चार तास यांच्यातच निवड करावी लागेल.

घरात कुणाचं डायलिसिस चालू असेल तर एक गोष्ट आजपासून करता येते. आज किती पाणी काढणार ते टेक्निशियनला विचारा, मिलीलिटरमध्ये. त्याला ड्राय वेटने भागा, मग तासांनी भागा. उत्तर 13 च्या वर आलं, तर सुई टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा, आज अर्धा तास वाढवता येईल का, आणि ड्राय वेट शेवटचं कधी तपासलं.